धरलेला माल आणि दाबलेला माल

गेल्या महिन्यात सांगलीत महागाईवरच्या एका परिसंवादाला गेलो होतो. एका वक्त्यांनी मध्येच वाक्य टाकले, "आता शेतकरीही साठेबाज झाला आहे," आणि पुढच्या पाच-सहा रांगांतून टाळ्या पडल्या. त्यांना उत्तर द्यायला उठलेले गृहस्थ म्हणाले, साठेबाजी असे काही नसतेच. ज्याचा माल त्याची मर्जी, बाकीचे बाजार बघून घेतो. आता टाळ्या मागच्या रांगांतून आल्या. दोन तास हेच चालले. साठेबाज म्हणायचे तरी कोणाला, हे मात्र एकानेही विचारले नाही. बाहेर चहा घेताना शेजारी मार्केट यार्डात आयुष्य गेलेले एक हमाल उभे होते. ते बशीत फुंकर मारत एवढेच म्हणाले, "माल धरलाय का दाबलाय, ते आदी इचारा की."

व्यासपीठावर जे दोन तासांत झाले नाही, ते त्या एका वाक्यात झाले. यार्डात हे दोन्ही शब्द रोज वापरतात आणि कोणी त्यांची गल्लत करत नाही. 'आप्पांनी यंदाची हळद धरलीय' म्हणजे आप्पांना आजचा भाव पटलेला नाही, ते थांबलेत. 'अमक्याने माल दाबलाय' म्हणजे त्याच्याकडे माल आहे, त्याने तो नाही असे सांगितले आहे, आणि तो नाही म्हणाला म्हणूनच भाव चढतो आहे. पहिल्यात वाट पाहणे आहे, दुसऱ्यात फसवणूक. माझे म्हणणे एवढेच की साठेबाजी हा शब्द दुसऱ्यासाठी आहे आणि तो तिथेच राहू द्यावा. पहिल्यावर तो फेकला की गरीब शेतकरी बदनाम होतो हे तर आहेच. पण खरा साठेबाज त्या गर्दीत मिसळून जातो, हे नुकसान मोठे.

शब्दाची घडण पाहिली तरी हेच दिसते. 'बाज' हा फारसीतून आलेला प्रत्यय, अर्थ खेळणारा. दगाबाज दग्याचा खेळ करतो, नखरेबाज नखऱ्यांचा. तसा साठेबाज म्हणजे साठ्याचा खेळ करणारा. त्याचा जोडीदार नफेखोर. 'खोर' म्हणजे खाणारा, लाचखोरातला तोच. नुसता साठा असणे हा आपल्या भाषेत कधीच दोष नव्हता. आगोटीची बेगमी, वर्षाचे धान्य, हातचा राखणे, बेणे राखणे, हे सगळे शहाणपणाचे शब्द आहेत. कोयनेत 105 टीएमसीच्या आसपास पाणी मावते; ते भरत आले की पेपरात 'समाधानकारक साठा' असा मथळा येतो. तोच शब्द गोदामाला लागला की त्याच्यापुढे 'जप्त' येते. फरक काय? कोयनेचा आकडा रोज सकाळी छापून येतो. 2019 च्या महापुरात सांगलीभर लोक चिडून म्हणत होते, "पाणी दाबून ठेवलं आणि एकदम सोडलं." आरोप खरा की खोटा, यावर अजून वाद आहे. पण लोकांनी शब्द कोणता निवडला ते बघा. धरणाने पाणी धरायचेच असते, नावातच धरणे आहे. राग होता तो दाबल्याचा. आणि त्या रागावर वाद तरी करता आला, कारण पातळी आणि विसर्ग यांचे आकडे सगळ्यांसमोर होते.

सांगलीकराला हे कळायला धरणापर्यंतही जायला नको. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, तिथली हळदीची पेवे एके काळी लांबवर प्रसिद्ध होती. जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र रांजणासारखे. आतून पाल्या-गवताचा थर, हळद भरली की तोंडावर फरशी आणि वर माती. आत हवा खेळत नाही म्हणून कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षे टिकतो. लहानपणी मी एक पेव उघडताना पाहिले आहे. फरशी बाजूला केली आणि सगळे लांब जाऊन बसले. कोणी घाई करत नव्हते. बऱ्याच वेळाने दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो विझला. पुन्हा बिड्या पेटल्या, पुन्हा गप्पा. दुसऱ्यांदा कंदील तळापर्यंत जळत गेला तेव्हा पहिला गडी उतरला, आणि वर आला तेव्हा भुवयांपर्यंत पिवळा होता. हा सगळा माल जमिनीखाली पुरलेला. पण तो लपवलेला होता का? कोणत्या पेवात कोणाची किती पोती, हे पेवमालकाच्या वहीत होते आणि अर्ध्या गावाच्या तोंडावर होते. 2005 च्या पुराने बरीच पेवे बाद केली. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार तेवढा उरला, तोही आता खासगी क्लासेसना लावतात.

आता समोरच्या बाजूचे ऐकू. कारण त्यांच्यातले सगळेच टाळ्यांसाठी बोलणारे नव्हते.

पहिला मुद्दा: एकट्या आप्पांच्या चाळीस पोत्यांनी भाव हलत नाही, पण हजार आप्पांनी चाळीस-चाळीस पोती धरली तर हलतो; आणि तो वाढलेला भाव शेवटी पाव किलो हळद घेणाऱ्या मजूर बाईच्या माथी बसतो. हे खरे आहे. याला 'हळदीवाचून कोणी मरत नाही' असे उत्तर देण्याचा मोह होतो, पण तो रस्ताही बंद आहे. हळद हा अन्नपदार्थ आहे की नाही, हा प्रश्न हळदीच्या वायद्यांच्या एका खटल्यात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 1952 साली न्यायालयाने अन्नपदार्थ या शब्दाचा अरुंद अर्थ आणि ऐसपैस अर्थ दोन्ही तपासले, आणि अन्न तयार करताना जे वापरले जाते तेही त्यात धरून हळद अन्नपदार्थच आहे असे ठरवले. एका शब्दाच्या अर्थासाठी देशाचे सर्वोच्च न्यायालय एवढा वेळ देते आणि आपल्या परिसंवादाला पाच मिनिटे मिळत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पण हजार आप्पांचा हिशेब एकाच बाजूने का मांडायचा? हळद निघते जानेवारी ते मार्चमध्ये. शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन ती यार्डात येते ती फेब्रुवारीपासून, आणि सोसायटीच्या कर्जाची मुदत असते 31 मार्च. त्या सहा-आठ आठवड्यांत हजार आप्पा एकाच वेळी दारात उभे राहतात, तेव्हा खरेदीदार काय करतो? पेपरवाले त्याला छान शब्द वापरतात: 'खरेदीदारांनी हात आखडता घेतला.' म्हणजे त्याने पैसा धरून ठेवला. भाव पडतो आणि पडलेल्या भावात तो माल उचलतो. त्याला कोणी पैसेबाज म्हटल्याचे मी अजून ऐकलेले नाही. माल धरणे हे पाप आणि पैसा धरणे हे व्यवहारचातुर्य, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? दोघेही वाट बघत असतात. फक्त एकाकडे वाट बघायला भांडवल असते आणि दुसऱ्याकडे पोती.

गंमत पुढे आहे. माल धरायला शेतकऱ्याला शिकवते कोण? सरकारच. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. हंगामात भाव नसेल तर माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने उचला, सहा महिन्यांत भाव आला की विका आणि फेडा. त्यात हळद आहे, बेदाणाही आहे. म्हणजे एका टेबलावर ज्याला तारण म्हणतात, त्यालाच व्यासपीठावर साठेबाजी म्हणायचे? तारण शब्दातच तारणे आहे. मला ही योजना आवडते ती व्याजासाठी नव्हे. त्या गोदामातल्या प्रत्येक पोत्याची पावती असते. किती माल आहे, कोणाचा आहे, हे कोणालाही विचारता येते. कंदील सोडून बघता येते म्हणा ना.

दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा टोकदार आहे. तो असा: धरायला जमते कोणाला? ज्याच्या घरात दुसरी भाकरी आहे त्याला. एक एकरवाला मार्चमध्येच विकून मोकळा होतो. वर्षभर धरून बसतो तो बडा बागायतदार, आणि त्याच्याही आडून व्यापारी. तासगाव-सांगलीच्या शीतगृहांत शेतकऱ्यांच्या नावावर ठेवलेल्या बेदाण्याच्या सगळ्या पेट्या खरेच शेतकऱ्यांच्या असतात काय, असे त्या वक्त्यांनी विचारले, आणि समोर बसलेल्यांपैकी काही जणांनी पायातल्या चपला न्याहाळल्या. मीही न्याहाळल्या. सातबारा एकाचा, माल दुसऱ्याचा, हा प्रकार आमच्या भागात कोणाला सांगायला नको. नाव उसने देणारा शेतकरी त्यात निरागस असतो असेही नाही.

पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता निघतो? शेतकऱ्याच्या नावाआड व्यापारी लपतो, म्हणून दोघांनाही साठेबाज म्हणा? की लपतो, म्हणून नाव नीट तपासा? सुक्याबरोबर ओले जाळण्याची सवय असलेल्या यंत्रणेला पहिला निष्कर्ष सोपा जातो. आणि सोप्या निष्कर्षाचे काय होते, ते पाहायला 1943 चा बंगाल आहे. भाताचे भाव आकाशाला भिडले तेव्हा तिथल्या सरकारने जाहीर केले की धान्य भरपूर आहे, साठेबाजांनी दडवले आहे. जूनमध्ये गावोगाव घरे तपासण्याची मोहीम निघाली. गावांत फारसे काही सापडले नाही. मात्र जिथे मोठा व्यापार होता ते कलकत्ता आणि हावडा या पहिल्या मोहिमेतून वगळलेले होते. दुष्काळाने पुढे जे बळी घेतले त्यांची संख्या 30 लाखांच्या घरात सांगितली जाते. साठेबाज हा शब्द तिथे शोध घेण्यासाठी वापरला नव्हता. सरकारच्या स्वतःच्या चुकांवर पांघरूण घालायला तो सोयीचा होता. काळाबाजारवाल्यांना जवळच्या दिव्याच्या खांबाला लटकवावे, हे नेहरूंचे उद्गार त्याच दशकातले. खांब पुष्कळ होते. कोणाला लटकवायचे, याची व्याख्या झाली नव्हती.

आपल्या राज्यातले उदाहरण याहून जवळचे. 2015 च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली, गोदामांवर छापे पडले, साठेबाज हा शब्द रोज पहिल्या पानावर होता. भाव पाहून शेतकऱ्यांनी पुढच्या वर्षी तूर पेरली, पाऊसही झाला. मग 2017 मध्ये 5,050 रुपये क्विंटलचा हमीभाव मिळावा म्हणून खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, आणि केंद्रे म्हणाली, बारदाना संपला, ठेवायला जागा नाही. ज्या साठवणीला दोन वर्षांपूर्वी गुन्हा ठरवले, तीच आता सरकारला अपुरी पडत होती. त्या दोन वर्षांत कोणी तरी तूर नीट धरून ठेवायला पाहिजे होती, नाही का?

कायद्यालाही ही अडचण ठाऊक आहे. 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली: फळे-भाजीपाल्याचा भाव दुप्पट झाला किंवा न नासणाऱ्या शेतमालाचा दीडपट झाला, तरच साठ्यावर मर्यादा घालायची. ती दुरुस्ती 2021 मध्ये शेती कायद्यांबरोबर मागे गेली. ती गेल्याचे अनेकांना वाईट वाटले, अनेकांना बरे. मला तिच्यात एक उणीव दिसत होती: ती फक्त भाव बघत होती. भाव आभाळातूनही चढतो, पाऊस हुकला की. त्यापेक्षा जून 2023 मधला तुरीचा आदेश जास्त समजूतदार होता. घाऊक व्यापाऱ्याला 200 टन, किरकोळ दुकानदाराला 5 टन अशा मर्यादा, गिरणीवाला आणि आयातदार यांचे वेगळे नियम, आणि प्रत्येकाने आपला साठा पोर्टलवर जाहीर करायचा. त्या यादीत पिकवणारा शेतकरी नाही. आपल्या वक्त्यांना जे सुचले नाही ते दिल्लीतल्या कुणा कारकुनाला सुचले होते.

तिसरा आक्षेप माझा मीच घेतो, कारण तो कोणी घेतला नाही. लपवणे ही जर खूण, तर माझी आजी साठेबाज ठरते. साठ-सत्तरच्या दशकांत ज्वारीची लेव्ही होती, म्हणजे पिकातला ठरलेला वाटा सरकारला सक्तीने घालावा लागे. आजीच्या तोंडी 'लेव्ही' हा शब्द शिवीसारखा येई. साहेब येणार म्हटले की दोन पोती जोंधळा गोठ्यातल्या वैरणीखाली जायचा, आणि साहेबांसमोर आजी कणगीवर हात ठेवून म्हणायची, "ह्येवढंच हाय बगा." सरळ खोटे. दाबलेलाच माल तो. पण तो विकायला दाबलेला नव्हता. आठ तोंडांच्या भाकरीसाठी होता, आणि आजीने नाही म्हटल्यामुळे सांगलीच्या बाजारात ज्वारी महागत नव्हती. तेव्हा लपवणे एवढ्याने भागत नाही हे मान्य. लपवलेला माल बाजाराच्या गळ्याभोवती आवळता येईल एवढा हवा, आणि आवळण्याचा हेतू हवा. एप्रिल-मे 2021 मध्ये रेमडेसिव्हिरची कुपी मिळवायला लोक जिल्हा पालथा घालत होते, आणि कोणाच्या तरी कपाटातून ती दहापट भावाने निघत होती. तिथे आवाका लहान, एका खोक्याचा. पण ज्याच्यासाठी ती कुपी हवी होती त्याच्यापुरता तोच सगळा बाजार होता. 'ज्याचा माल त्याची मर्जी' म्हणणाऱ्या गृहस्थांनी त्या दिवसांत एखाद्या दवाखान्याच्या दारात उभे राहून हे वाक्य म्हणून दाखवायला हवे होते. साठेबाजी नसतेच असे म्हणणे म्हणजे विषाला चव नसते असे म्हणणे.

एके काळी सांगली संस्थानातच असलेल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. दुष्काळात बादशाहाची कोठारे त्यांनी लोकांसाठी उघडली आणि विठोबाने विठू महार होऊन पैसे भरले. त्या कथेत बादशाहाला कोणी साठेबाज म्हणत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. कोठार भरलेले होते म्हणून तर ते उघडता आले. आणि किती भरले आहे हे दामाजीपंतांना माहीत होते, कारण किल्ली आणि वही दोन्ही त्यांच्याकडे होत्या.

राहिले आमचे आप्पा, माझे चुलते. 2010 च्या अखेरीस हळद क्विंटलला 15,000 रुपयांच्या घरात होती. आप्पांनी जेठे गड्डे, म्हणजे मुख्य कंद, बेण्याला काढून ठेवले, निम्मी हळद विकली आणि निम्मी धरली. यार्डातला एक अडत्या म्हणाला होता, 20,000 बघशीला. सव्वा वर्षाने, 2012 च्या सुरुवातीला, भाव 4,000 च्या आसपास होता आणि गोदामाचे भाडे चालूच होते. शेवटी त्यांनी सौद्याला माल लावला तेव्हा मी बरोबर होतो. खरेदीदाराने पोत्यात हात घालून एक हळकुंड मोडले, आतला रंग बघितला, मान हलवली. माल उत्तम होता. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आल्यावर आप्पांनी ती दोनदा वाचली, चौकोनी घडी घातली आणि टोपीत ठेवली. चहाच्या गाड्यावर कोणी तरी ओरडले, "काय साठेबाज, किती आलं?" आप्पा म्हणाले, "दोन कप सांग. आन् पैसं तू दे."